स्वादुपिंडाची बाही

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा बसल्या जागेवरून साष्टांग नमस्कार. (आडवं होऊन पुन्हा उठताना पोटात कळ येते, म्हणून.) तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचं कानातलं यंत्र सापडलं का, की ते हरवल्याचं सुख अजून भोगताहेत? इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. तुझी भावजय मजेत आहे. तिने सगळं फार धीराने घेतलं.

सगळं म्हणजे काय, तर माझ्या स्वादुपिंडाला गाठ आली आहे. असा काही अवयव आपल्या आत राहतो हे मला साठी उलटल्यावर कळलं, आणि कळलं तेही शिंपीकामातूनच. गिऱ्हाइकाच्या कापडाला जुळता दोरा शोधताना हळदी रंगाचं रीळ मनगटावर धरलं, तर दोरा दिसेचना. आधी मी दुकानातल्या ट्यूबलाइटला दोष दिला. मग डोळे पाहिले, तेही त्याच रंगाचे. पुढच्या तपासण्यांचं वर्णन करत नाही, तू जेवायच्या वेळी पत्रं वाचतेस.

सर्जन चाळिशीचे आहेत, उंच आणि कमी बोलणारे. ते म्हणाले, गाठीचा भाग कापून टाकू आणि उरलेला तुकडा आतड्याला जोडू. कापणं अवघड नाही, जोड अवघड. (हे मी गेली चाळीस वर्षं सांगतोय, कोणी ऐकलं नाही.) जोड गळला तर तिथला रस बाहेर येतो, आणि तो रस अन्न पचवण्यासाठी असल्यामुळे समोर येईल ते पचवायला लागतो, त्यात आपण स्वतःही आलो. जोडायच्या रीती दोन. पहिलीत तुकड्यातल्या बारीक नळीचं तोंड आतड्याच्या अस्तराला शिवायचं आणि वरून दुसरी शिवण घालायची, म्हणजे कोटाची बाही. दुसरीत तुकड्याचं टोकच आतड्यात खुपसून भोवती टीप मारायची, म्हणजे उशीचा अभ्रा. दोन्हींपैकी कोणती कमी गळते याचा त्यांचा अभ्यास चालू आहे, आणि मला कोणती मिळणार हे बंद पाकिटातली चिठ्ठी ठरवणार. मी थक्क झालो. आजवर मी एकाही गिऱ्हाइकाची बाही चिठ्ठ्या टाकून लावलेली नाही.

म्हणून मी नमुने केले. कोटाच्या खांद्यात घालतो तो स्पंज घेतला, त्यात बॉलपेनची रिकामी रिफिल खुपसली, आतड्याच्या जागी सायकलची जुनी ट्यूब. एक बाही, एक अभ्रा. गळती दिसावी म्हणून पाण्यात निळा खडू विरघळवला आणि सगळा संसार घेऊन सर्जनांच्या टेबलावर मांडला. बाही एका मिनिटात गळली, अभ्रा दोन मिनिटांत. निळं पाणी कुणाकुणाच्या रिपोर्टांखाली शिरलं, नर्सबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की गाठ जागच्या जागी विरायला हवी होती. (विरली नाही.)

सर्जन रागावले नाहीत. त्यांनी नवा स्पंज मागून घेतला, हात धुतले आणि दहा मिनिटांत बाही लावून दिली. ताई, काय टाका होता. एकसारखा, अंतर मोजून घ्यावं असा. स्पंज मऊ, दोरा ओढला की फाटणार, हे ओळखून त्यांनी तो नुसता टेकवला होता. पाणी ओतलं. आम्ही दोघं वाकून बघत बसलो. बराच वेळ काही नाही, मला माझ्या चाळीस वर्षांची लाज वाटायला लागली, आणि तेवढ्यात एका टाक्याच्या बुडाशी निळा थेंब आला.

“काका, माझंही गळतं,” ते म्हणाले. “पाच-सहा जणांत एखाद्याचं. कोणत्या रीतीने कमी गळेल ते मला खरंच माहीत नाही.”

आटणार नाही, उसवणार नाही, रंग जाणार नाही, हे मी आयुष्यभर बेधडक सांगत आलो. मला माहीत नाही, असं म्हणणारा कारागीर मी पहिल्यांदा पाहिला. मी तिथल्या तिथे त्यांच्या अभ्यासाच्या संमतीपत्रावर सही केली. तेव्हापासून मला भीती वाटते आहे. आधी नव्हती वाटत, कारण आधी सर्जनांना सगळं येतं असं मी धरून चाललो होतो. दुकानात नवं माप घेणं बंद केलंय. माप घेतलं की कपडा कधी मिळेल त्याचा वार सांगावा लागतो.

ऑपरेशन येत्या बुधवारी सकाळी. काळजी करू नकोस.

तुझा,
धाकटा

ता. क. — धीराने घेतलं असं वर लिहिलं, ते तिला काही सांगितलंच नाही म्हणून. अल्सर आहे, दोन टाक्यांचं काम आहे, एवढंच तिला ठाऊक. चार वेळा सांगायला बसलो आणि चारही वेळा चहा मागून उठलो. वाईट बातमी सांगण्यात आपल्या घरात तुझा हात धरणारं कोणी नाही. मंगळवारपर्यंत ये आणि तेवढं तू सांग.

ता. क. दुसरा — वन्सं, हे अक्षर माझं आहे. पत्र चिकटवून पेटीत टाकायला यांनी माझ्याकडे दिलं, ते मी आधी वाचलं. तपासणीचा कागद आला त्याच दिवशी मी तो शेजारच्या कंपाउंडरांकडून समजून घेतला होता. यांना म्हटलं नाही, कारण मग हे माझीच समजूत काढत बसले असते. तुम्ही मला सांगायला येऊ नका, पण या. ऑपरेशनला सहा तास लागतात म्हणे. यांना सलग सहा तास गप्प राहिलेलं मी लग्न झाल्यापासून पाहिलेलं नाही. त्या दाराबाहेर मला एकटीला बसवणार नाही.