कबरीवरचं नर झाड

म्तोन्जाना,
२६ फेब्रुवारी २०२३

ती. नोमालिझो वन्सं यांस,
नोक्वानेलेचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळं ठीक आहे. फोनला रेंज फक्त टेकडीवर येते, आणि अंगावर ह्यांच्या सुतकाचे काळे कपडे आहेत तोवर मला टेकडीवर जाता येत नाही. म्हणून हे पत्र टॅक्सीवाल्याच्या हाती देत आहे. शाळेत माझ्या वर्गाला बदली बाई आल्या आहेत. मुलं सांगतात की त्या मारत नाहीत, पण गाणीही म्हणत नाहीत.

एका अडचणीसाठी लिहीत आहे. कोर्टाने घरापुरता गांजा लावायची मोकळीक दिल्यापासून ह्यांनी नदीकाठी लपून लावणं सोडलं आणि घरासमोरच वाफे केले, हे तुम्ही पाहिलं आहे. मामंजींच्या हातचं बी, आपल्या गोठ्यातलं शेणखत, चुलीची राख, वर मक्याच्या ताटांचं आच्छादन. दुकानातलं काही नाही. मावा पडला तर मिरची-लसणाचं पाणी. ह्यांच्या छातीला त्या पाल्याच्या काढ्यानेच रात्री आराम पडायचा. ऑक्टोबरात लावलेली झाडं आता माझ्या खांद्याला आली आहेत. पण वर्ष पुरं होईपर्यंत मी वाफ्यात पाय ठेवायचा नाही, आणि गोठ्यात तर सुनेने कधीच नाही. म्हणून मोंदेला पाणी घालायला सांगितलं होतं.

मोंदे ह्यांचा लहानपणचा मित्र, मनाने चांगला. पण तो विकायला पिकवतो. नर झाडांना मण्यांसारख्या कळ्या दिसताच त्याने ती सगळी उपटून जाळली आणि मला हसत सांगायला आला की वहिनी, आता माल एकदम बिनबियांचा निघेल. त्याला वाटलं, आपण माझं काम हलकं केलं.

भोपळ्यात ठेवलेलं जुनं बी ह्यांच्या आजारपणात ओल लागून बुरशीने गेलं आहे. सगळं चांगलं बी जमिनीत होतं. आता नर नाही म्हणजे बी धरणार नाही. मोंदेच्या खोऱ्यात परदेशी बियाण्यांची झाडं आहेत, तिकडचा नर आणला तर आपलं वाण आपलं राहणार नाही.

आणखी एक. ह्यांच्या कबरीवर एक झाड उगवलं आहे. छातीच्या बाजूला. मी दारातल्या सुतकाच्या चटईवरून ते रोज पाहते. मोंदे लांबून पाहून म्हणाला की ते नर आहे, पण कबरीवरच्या झाडाला तो हात लावणार नाही. तुमचे जोंगिले काका म्हणतात की तुझा दादला शांत झोपलेला नाही त्याची ही खूण आहे, मार्चअखेरीस येऊन ते उपटतो आणि जाळतो. घरच्या लेकीचा शब्द त्यांना मोडता येणार नाही. तुम्ही काकांना दोन ओळी लिहाव्यात, किंवा यावं.

पहाटे मला ह्यांचा खोकला ऐकू येतो. हे कोणाला सांगितलेलं नाही.

आपली माया आहे तशी राहू द्यावी.

नोक्वानेले

•

डर्बन,
१० मार्च २०२३

चि. नोक्वानेलेस, अ. उ. आ.

पत्र पोचलं. तू मास्तरीण ना गं? मग झाड कबरीतून उगवलं की वरून पडलेल्या बीतून, एवढंही सुचू नये? मातीच्या दिवशी कबर भरून झाल्यावर सगळे पुरुष तिथेच टेकले आणि माझ्या भावाचा, झोलिलेचा उरलेला माल ओढत बसले, हे तू घरात चटईवर होतीस म्हणून पाहिलं नाहीस. मी पाहिलं. बिया निवडून मागे उडवत होते, शेंगदाण्याच्या टरफलांसारख्या. मी त्यांना म्हटलंही की अरे, त्याच्या अंगावर तरी टाकू नका. मोंदे म्हणाला, ताई, त्याला आवडेल. घरातलं शेवटचं चांगलं बी त्या मूर्खांनी असं उडवलं, हे तुझं पत्र वाचून आज कळलं. मोंदेला माझा निरोप दे की तुला पाणी घालायला सांगितलं होतं, उपकार करायला नाही.

पण मी काकांना लिहिणार नाही, आणि येणारही नाही. त्या झाडाशी माझं काय वाकडं आहे ते तुला अर्धंच माहीत आहे. पोलिसांचं हेलिकॉप्टर येऊन गांजावर विष फवारून गेलं त्या वर्षी आमचा मकासुद्धा करपला होता, आणि आईने आम्हा दोघांना रानभाजी उकडून घालत हिवाळा काढला. तेव्हाही बाबांनी मक्याआधी हे बी वाचवलं. पुढे झोलिले एकोणीस वर्षांचा असताना याच बीपायी तुरुंगात गेला. बाहेर आला तो खोकला घेऊन. आता कोर्ट म्हणतं, लावा. कोर्टाचं काय जातंय. काकांना उपटू दे. माझा भाऊ एकदाचा मोकळा होऊ दे.

तू नीट जेव. तिथल्या बायका तुला मक्याच्या कण्या आणि चवळीशिवाय काही देत नसतील. मी चहापत्ती आणि साखर टॅक्सीने पाठवली आहे.

खोकला घरातून येतो की बाहेरून, ते तू लिहिलं नाहीस.

तुझी,
नोमालिझो

•

म्तोन्जाना,
१७ मार्च २०२३

ती. वन्सं यांस,
शि. सा. न. वि. वि.

चहा-साखर मिळाली. मोंदेला निरोप दिला. तो दोन दिवस फिरकला नाही, मग लाकडं फोडून देऊन गेला.

खोकला बाहेरून येतो. गुरं सोडायच्या वेळी, आधी वाफ्याच्या बाजूने, मग कबरीकडून. हे रोज उठून झाडांना फेरी मारायचे, तोच रस्ता आहे. मी घाबरत नाही. पहिल्या दिवशी मी उठून पाणी गरम करायला ठेवलं होतं. मग लक्षात आलं.

तुमचं म्हणणं पटलं. बी वरूनच पडलं असेल. पण वन्सं, इतक्या जणांनी उडवलेल्या बियांतून एकच उगवलं, तेही नर.

आता त्याला फुलं आली आहेत. वारा वाफ्यावरून कबरीकडे आणि कबरीवरून दाराकडे वाहतो, त्यामुळे पराग मादी झाडांकडे जात नाही, माझ्याकडे येतो. सकाळी चटईवर बसले की थोड्या वेळाने काळ्या घागऱ्यावर पिवळी पूड दिसते. मी ती झटकत नाही. ती घेऊन वाफ्यापर्यंत जायचं तर पंचवीस पावलंसुद्धा नाहीत, पण ती मला चालायची नाहीत. काळ्या कपड्यातली बाई पिकात गेली तर पीक खुंटतं असं इथे म्हणतात. मी शाळेत मुलांना असं काही शिकवत नाही. तरी ह्यांच्याच झाडांवर ते करून बघायचा धीर मला होत नाही.

एक गोष्ट मी सांगितली नव्हती. शेवटच्या आठवड्यात हे म्हणाले होते की बी नोमालिझोला दे. मी म्हटलं, वन्सं ते चुलीत टाकतील. तर म्हणाले की ती शिव्या देईल, पण टाकणार नाही. हेलिकॉप्टर आलं त्या दिवशी बीची पुरचुंडी तोंडात धरून ती पोरगी ओढ्यात बसली होती, संध्याकाळपर्यंत कोणाशी बोलली नाही. हे मला तुम्ही कधी सांगितलं नव्हतं. ह्यांनी सांगितलं ते बरोबर आहे का, एवढंच विचारते.

काका पुढच्या शनिवारी येणार आहेत. लोभ असू द्यावा.

नोक्वानेले

•

म्तोन्जाना,
२ एप्रिल २०२३

ती. वन्सं यांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही सुखरूप पोचलात असं टॅक्सीवाल्याकडून कळलं. इथून जाताना आपलं बोलणं झालं नाही, म्हणून लिहीत आहे.

त्या शनिवारी काका कुदळ घेऊन आले आणि पाठोपाठ तुम्ही बॅगेसकट फाटकातून आत आलात. मला वाटलं तुम्ही आधी घरात याल. तुम्ही थेट कबरीकडे गेलात. काका म्हणाले की लेक आली, बरं झालं, मी उपटतो, तू प्रार्थना म्हण. तुम्ही त्यांना सांगितलंत की माझ्या भावाच्या छातीवर कुदळ चालवायची नाही, मागे व्हा. मग वाकून झाडाशी काहीतरी बोललात. ते दारापर्यंत आलं नाही आणि मी ते विचारणार नाही.

तुम्ही झाड मुळासकट वर काढलंत तेव्हा मी मान खाली घातली. मला वाटलं, संपलं. मान वर केली तर तुम्ही ते खांद्यावर टाकून वाफ्यात शिरला होतात आणि एकेका मादी झाडावर ते आपटत निघाला होतात. तोंडाने बडबड चालूच. पिवळा धूर उठत होता. काका ओरडले की मेलेल्याला मारायची ही कुठली रीत. त्यावर तुम्ही म्हणालात की जिवंतपणी कधी हाताला लागला नाही. मोंदे कुंपणापलीकडे हसायला लागला आणि हसता हसता रडायला लागला. माझ्या लग्नानंतर मी तुम्हाला प्रथमच त्या वाफ्यात पाहिलं. सगळी झाडं झाल्यावरच तुम्ही ते काकांनी पेटवलेल्या आगीत टाकलंत. काकांचंही समाधान झालं.

मादी झाडांचे केसर तपकिरी होऊन आत वळले आहेत. मोंदेने एक बोंड उकलून आणून दाखवलं. आत कोवळं, हिरवं बी आहे. मे महिन्यात पिकेल.

त्या दिवसापासून खोकला थांबला आहे. हे चांगलं झालं असं सगळे म्हणतील. मी पहाटे उठते आणि ऐकत बसते. गुरांची पावलं तेवढी वाजतात.

मायेत अंतर पडू देऊ नये.

नोक्वानेले

•

डर्बन,
९ एप्रिल २०२३

चि. नोक्वानेलेस, अ. उ. आ.

ओढ्याची गोष्ट खरी आहे. तोंडात पुरचुंडी होती म्हणून ओरडता आलं नाही. नाहीतर ओरडले असते.

मे महिन्यात मी रजा काढते. बी मी काढीन, मोंदेला हात लावू देऊ नकोस. ऊन खाऊन वाळेपर्यंत मी तिथेच राहीन आणि तू मला स्वयंपाक करून घाल.

खोकल्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. मला वाटतं तो माझ्याबरोबर आला आहे. परतल्यापासून माझ्या तळव्यांना त्या झाडाचा वास आहे. वॉर्डात आम्ही किती वेळा हात धुतो ते तुला ठाऊक आहे, तरी जात नाही. मंगळवारी रात्रपाळीला आमच्या भागातल्या एका खाणकामगार म्हाताऱ्याची उशी नीट करत होते, तर त्याने डोळे न उघडताच विचारलं की सिस्टर, तुझ्या मागे उभा आहे तो कोण, त्याला बसायला दे. मी म्हटलं, झोपा आजोबा. मग दिवा मंद केला आणि भिंतीकडची खुर्ची ओढून ठेवली.

गांजाचा पाइप दाराबाहेर ठेव म्हटलं म्हणून इतक्या वर्षांत झोलिले माझ्या घरी एकदाही आला नव्हता. आता आला आहे तर राहू दे थोडे दिवस. मे महिन्यात येताना त्याला घेऊन येते.

तुझी,
नोमालिझो