देवीलालकाकांच्या जीपचा सेट

४ ऑक्टोबर २००६, बुधवार. दारव्हा.
घडले ते असे:
१. देवीलालकाकांच्या दारव्हा–नेर जीपमध्ये नागपूरहून आणलेला जुना कार स्टिरिओ आहे. रिमोटसकट.
२. सोमवारी दसरा. बिजलीबाईकाकूंनी चाके, स्टेअरिंग, सेट, रिमोट, सगळ्यांना हळदीकुंकू लावले.
३. मंगळवारपासून रिमोट बंद. सेटवरची बटणे चालतात.
४. काम माझ्याकडे आले. जमले तर स्टँडजवळचा काकांचा गाळा माझ्या रिपेअरिंगच्या दुकानाला. नाही तर तोच गाळा मागणाऱ्या विक्कीला, त्याच्या मोबाइल रिचार्जच्या दुकानासाठी. मग मी महागावला, घरी.
माझा डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्सचा आहे. दोन दिवस पुरे. पूजेचा या बिघाडाशी संबंध नाही.

५ ऑक्टोबर.
सेल बदलले. फरक नाही. अपेक्षितच. रिमोट उघडून आतून-बाहेरून स्पिरिटने पुसला. मागे कोणीतरी पेनने चार आकडे लिहिले होते, तेही गेले. आता नव्यासारखा दिसतो. चालत नाही. म्हणजे दोष सेटमध्ये. प्रगती.

७ ऑक्टोबर, सकाळी ११.
नियमाप्रमाणे बॅटरीची वायर सोडून सेट बाहेर काढला. काकू बघत होत्या. म्हणाल्या, "माय वं, एवढं खोलून राह्यली, अन् काचीवरचं कुंकू काहून नाही पुसत?"
सेट जिथे रिमोटचा सिग्नल घेतो, नेमके तिथे बोटभर कुंकू. काकूंनी पदराने पुसले. मी तिथे पोहोचणारच होते. क्रम ठरलेला होता.

दुपारी ४.
सेट परत जोडला. पडद्यावर 'कोड' आणि चार रेघा. वीज तुटली की असे सेट चोरीच्या भीतीने स्वतःला कुलूप लावतात. कोड चार आकडी असतो. रिमोटमागे लिहिलेला असतो.
रिमोट उत्तम आहे.

९ ऑक्टोबर.
पुसलेल्या कोडात एक सात होता, नक्की. शक्यता दहा हजारच. तीन चुकले की सेट तासभर थांबतो. दिवसाला तीस प्रयत्न, म्हणजे अकरा महिने. सातमुळे कमी.

१२ ऑक्टोबर.
लोक दुसऱ्या जीपमध्ये बसतात. काकांच्या जीपमध्ये रेडिओवर कापसाचा भाव कळायचा. नेरचे पुंडलिकराव खिडकीतून ओरडले, "काय वं इंजिनेर बाई, तुयी पेटी मुकी झाली का?" मी दोषाचे स्वरूप समजावले. ते म्हणाले, "राहू दे. भाव आयकूनबी रडाचंच हाय. गाणं तरी लाव."

१६ ऑक्टोबर.
सेट आता आकडेही घेत नाही. काका रागावले नाहीत. "राहू दे पोरी, जमलं तेवढं केलं तू," एवढेच. रागावले असते तर बरे होते.
गाळ्याच्या शटरला निळा रंग देणे सुरू आहे. निळा रिपेअरिंगलाही चालतो.

१८ ऑक्टोबर.
पत्र लिहिले. नक्कल ठेवते.
"देवीलालकाकांस,
रिमोट दुरुस्त झाला आहे, सोबत देते. सेटचे समक्ष बोलू. शटरवर आज 'रिचार्ज' लिहिलेले पाहिले. पेंटरची चूक असू शकते. शनिवारी सकाळी महागावची गाडी आहे. गाळा मला देणार की नाही, ते शुक्रवार, २० ऑक्टोबरपर्यंत कळवावे."