ओल, मीठ, ऊब, अंधार

४ जून
आज रुजू झाले. नव्या घरातली खोकी अजून फोडायची आहेत, पण लेकीने खिडकीतली उन्हाची जागा आधीच बळकावली. नवरा सकाळपासून चिडवतोय, की हिला घरात स्वतःचा चष्मा सापडत नाही आणि ही परग्रहावर जीव शोधणार! शोधायचं नाही रे बाबा, कुठे शोधायचं ते ठरवायचं. पुढचं यान कुठे उतरवून खणायचं, हे आमच्या खोलीत ठरतं. मागच्या यानाने आणलेली मूठभर माती काचेच्या बंद पेटीत आहे. पेटीला जोडलेल्या हातमोज्यांत हात घालून ती चाळायची. तिच्यात आजवर काही मिळालेलं नाही. मला मात्र कधी एकदा हात घालते असं झालंय.

९ जून
आमच्या प्रमुख बाईंना सगळे मावशी म्हणतात. त्या म्हणाल्या, नकाशे राहू देत, तू तो जीव असतीस तर कुठे दडली असतीस? मी फळ्यावर लिहिलं: ओल, मीठ, ऊब, अंधार. मावशी खूश. मग डोक्यात आलं, माती तर नेहमी झगझगीत दिव्याखालीच तपासतात. अंधाराला सोकावलेलं काही उजेडात पुढे येईलच कशाला? दिवा बंद करून मी चाचपून पाहिलं. काही लागलं नाही. हातमोज्यातून हात बाहेर काढला तर बोटांवर पांढरा पापुद्रा. मावशींनी तो नखाने खरवडून पाहिला आणि हसल्या. घामाचं मीठ म्हणे. धुऊन टाकलं.

१७ जून
लेक आता कपाटात खेळते. उजेड टोचतो म्हणते. कानामागे पांढरे पापुद्रे आलेत. डॉक्टरांच्या मते कातडी कोरडी पडलीय, तेल लावा. माझ्या जिवाला चैन नाही.

१९ जून
मावशी आल्या नाहीत. फोनवर त्यांची बहीण रडत होती. पडदे लावून बसल्यात, कुणाला जवळ येऊ देत नाहीत. फळ्यावर माझे शब्द तसेच आहेत. ओल, मीठ, ऊब, अंधार — हे सगळं एकत्र मिळतं ती जागा मातीत नाहीच — देवा, माझी पोर —

२० जून
दुपार. नवरा गाडी आणायला गेलाय, दवाखान्यात न्यायचंय. लेकीला तोंड उघडायला लावलं, टॉर्च मारला. घशात पांढरं काहीतरी — उजेड पडताच आत सरकलं. मी किंचाळले. ती शांत. म्हणाली, घाबरू नको आई, तुझ्या तोंडातलं पण असंच आत जातं, तू झोपलीस की मी बघते —

खोलीत अंधार होतोय. पडदा ओढतोय तो माझाच डावा हात —

जिन्यात त्याची पावलं. ओरडायला हवं, आत येऊ नको, आम्हाला हात लावू नको — घशातलं ते मला तोंड उघडू देत ना