चहाच्या खोलीत माकुळं

लूगू, १८ मार्च १९८४

ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

पुडकं पोचलं. पोस्टमनदादांनी ते दोन बोटांत धरून, तोंड फिरवून माझ्या हातात दिलं. म्हणाले, तुझ्या आईला सांग, पुढच्या खेपेला माझ्या सायकलला वेगळी टोपली बांधून दे. सुकी माकुळं झकास आहेत. मी आणि सासूबाईंनी ती मागच्या अंगणात शेगडीवर भाजली, उभ्या उभ्याच फस्त केली, आणि चुळा भरून मगच घरात आलो. बाकीची नेहमीसारखी अंगणापलीकडच्या न्हाणीघरात टांगली आहेत. चहाची पानं शेजारच्याचा वास उचलतात, म्हणून आमच्याकडे मासळीला उंबरठा बंद, हे तुला नव्याने सांगायला नको.

पण ह्या खेपेला माझ्याकडून मोठा घोळ झाला होता, आणि तोच सांगायला बसलेय. पुडकं हातात असतानाच सासूबाईंची हाक आली, तेव्हा मी ते जवळच्या बाकाखाली सरकवलं आणि साफ विसरले. तो बाक कुठला, तर चहाच्या खोलीतला! दुसऱ्या दिवशी आठवलं तेव्हा मामंजी त्याच बाकावर चहा घेत बसले होते. टाच पुडक्याला लागत होती. माझी तर पाचावर धारण बसली. म्हटलं, आता माझं सामान तुझ्या माकुळांसकट बसमध्ये बसणार. पण त्यांनी नाकही मुरडलं नाही. शांतपणे दुसरा पेला ओतून घेतला आणि मला विचारलं, दारात खांबासारखी का उभी आहेस.

सासूबाई म्हणाल्या, म्हातारा निवळत चाललाय. मला नाही तसं वाटत. हाच माणूस लग्नाच्या मांडवात तुला चारचौघांत म्हणाला होता ना, की मासळीबाजारात वाढलेल्या नाकाला चहातलं काय कळणार? कुणी केसांना तेल लावून आलं तरी त्याला खोलीबाहेर काढतात ते. थंडीत त्यांना ताप येऊन गेला, तेव्हापासून पाहतेय, पेला नाकाशी धरून नुसते बसून राहतात आणि मग सहज विचारल्यासारखं सासूबाईंना विचारतात, आज कसा झालाय गं. आई, मला वाटतं मामंजींचं नाक गेलंय, आणि ते कुणाला सांगत नाहीयेत.

वसंताची तोडणी महिन्यावर आली. पानं हलवायची, निजवायची, परत हलवायची, आणि कधी थांबायचं ते फक्त वासावरून ठरवायचं. हे तिकडे किनमेन बेटावर पलटणीत अडकलेले, त्यांना सुटी नाही. काय करतील मामंजी? मला त्यांची भीती वाटते तितकीच आता कीवही येते, आणि ते त्यांना कळलं तर मला फाडून खातील.

माझं नाक मात्र उलट भलतंच तिखट झालंय. सासूबाईंनी कांद्याची पात चिरली तरी डोकं फिरतं. भात शिजताना मी अंगणात जाऊन बसते. हवा बदलली असेल.

बाबांना नमस्कार. शिव्या घालतेस तेवढीच मायाही करत राहा.

तुझी
हाय-थांग


तुंगकांग, २६ मार्च

चि. सौ. हाय-थांग हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवून वाचलं. भात शिजताना अंगणात बसतेस, आणि म्हणे हवा बदलली! अगं वेडे, मी काही विचारत नाही आणि तू काही सांगू नकोस. तीन महिने सरेपर्यंत ह्या गोष्टीवर ओठ उघडायचे नाहीत, सासूपाशी नाही आणि जावईबापूंनाही लिहायचं नाही. मागच्या महिन्यात दिव्यांच्या सणाला ते सुटीवर आले होते ना? मला बोटं मोजता येतात. फक्त एवढं पाळ: घरात कुठेही खिळा ठोकू द्यायचा नाही, पलंग सरकवायचा नाही, अंथरुणावर कात्री घेऊन बसायचं नाही. का, ते तुझी आजी मला सांगून गेली आणि मी तुला नंतर सांगेन.

व्याह्यांचं वाचून मला आधी हसू फुटलं. खोटं कशाला बोलू? मांडवातलं ते बोलणं मी अजून गिळलेलं नाही. आम्ही सकाळी डोळे उघडायच्या आत नाकाने ताजं-शिळं ओळखणारी माणसं, आणि आम्हाला म्हणे नाक नाही! पण रात्री पुन्हा वाचलं आणि वाईट वाटलं. तुझ्या बाबांचा कान गेला ते वर्ष आठवतं का तुला? बोटीवर कुणाला कळू दिलं नाही त्यांनी. इंजिनावर तळवा ठेवून त्याची घरघर ओळखायचे. मी काही विचारलं नाही, मी आपली मोठ्याने बोलायला लागले. तेव्हापासून सगळी आळी मला भांडखोर समजते, समजू दे.

तूही त्यांना तोंडावर काही बोलू नकोस. जवळपास राहा, म्हणजे झालं. आणि पुढची माकुळं मी मुद्दाम पाठवत नाही, तुझ्यापायी. मळमळेल तेव्हा आल्याचा तुकडा चघळ.

खात जा, चिडचिड कमी कर, आणि आईवरचा जीव असाच ठेव.

तुझी
आई


लूगू, २० एप्रिल

ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

इतके दिवस पत्र नाही म्हणून तू बाबांवर खेकसत असशील. वाच आता सावकाश, खूप सांगायचंय.

तोडणीच्या आदल्या दिवशी मामंजींनी जेवताना जाहीर केलं की ह्या वसंताची पानं पलीकडच्या वळणावरच्या लाय मालकांना ओलीच देऊन टाकायची. वय झालं, म्हणाले, आता रात्री जागवत नाहीत. सासूबाईंच्या हातातल्या जेवायच्या काड्या वाडग्यातच राहिल्या. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी ह्या घरात एक वसंत असा पाहिला नाही की पानं दुसऱ्याच्या भट्टीवर गेली. एकदा गेली की परत यायची नाहीत, हे त्यांना ठाऊक आणि मामंजींनाही. सासूबाई उठून चुलीपाशी गेल्या आणि तिथेच पाठमोऱ्या रडत राहिल्या. मामंजी भातातच बघत होते.

मला तुझं ऐकायचं होतं गं, म्हणून नाकाचं नाव काढलं नाही. मी म्हटलं, मामंजी, ह्यांनी पलटणीत सगळ्यांना घरच्या चहाच्या बढाया मारून ठेवल्यात, निदान एक घाणा त्यांच्यापुरता करा, बाकीची खुशाल द्या लाय मालकांना. ते गुरगुरले, पण नाही म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ऊन छान पडलं. पानं अंगणात कापडावर सुकत घातली, मऊ पडल्यावर खोलीत बांबूच्या ताटांवर पसरली. दिवे लागले तेव्हा मामंजींनी पहिल्यांदा हलवली. हात काय चालतात त्यांचे! पानं नुसती उडून एकमेकांना घासून खाली येतात, तुटत नाही एकही. मी त्यांचं जेवण घेऊन दारापर्यंत गेले, आणि आतून ओल्या गवताचा असा भपकारा आला की ताट उंबरठ्यावर ठेवून मी केळीच्या बुंध्याकडे पळाले. पोटात होतं नव्हतं ते सगळं बाहेर. परत आले तर मामंजी दारात उभे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग आतल्या पानांकडे.

पुढच्या हलवणीनंतर मी रिकामं ताट न्यायला गेले. पुन्हा तेच, पुन्हा केळ. तिसऱ्या खेपेला मला काही कामच नव्हतं, पण त्यांनी हाक मारली. आणि आई, ह्या माणसाने चहाचं ताट उचलून दोन्ही हातांवर माझ्यासमोर आणलं, देवाला नैवेद्य आणावा तसं. मी नाकावर बाही धरली, तर म्हणाले,

“बाही काढ. काय येतंय, सांग.”

मी म्हटलं, गवत, पण मघाइतकं नाही, आता काकडी चिरल्यासारखं येतंय. ते मान हलवून आत गेले. मग ते दर वेळी ताट घेऊन दारात यायचे, मी कधी सांगायचे, कधी तोंड दाबून केळ गाठायचे, आणि मी पळाले की तेही काही न विचारता आत जाऊन पानं निजवायचे. सासूबाई ओसरीवरून हे सगळं बघत होत्या आणि तोंडावर हात धरून हसत होत्या. मग एकदा त्यांनी ताट आणलं आणि मला काहीच झालं नाही. नुसतं फूल. बाजाराच्या कोपऱ्यावर ती ऑर्किडवाली बसते ना, तिच्या ओल्या टोपलीवरून जाताना येतो तसा वास. मी ते सांगितलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले, मला वाटलं आता भट्टीकडे वळतील. पण ते उभेच राहिले आणि विचारलं, त्याच्या मागे काही आहे का, नीट बघ. मी पुन्हा वाकले. फुलाच्या मागून अगदी हळूच पिकला पेरू येत होता. पेरू, मी म्हटलं, आणि मला एकदम सपाटून भूक लागली. ते वळले आणि भट्टीपाशी जाऊन त्यांनी पानं तापल्या पिंपात ओतली. पुढचं कापडात बांधून मळणं, गोळ्या करणं, कोळशावर भाजणं त्यांना झोपेतही येतं.

भाजून झाल्यावर पहिला पेला मी ओतला. मामंजींनी टेबलावर दोन बोटं टेकवली. सुनेने चहा ओतला म्हणून सासऱ्याने बोटं टेकवून आभार मानल्याचं ऐकलंयस कधी? मी किटलीच सांडणार होते.

लाय मालकांना निरोप गेला की पानं येणार नाहीत. त्यानंतर रोज संध्याकाळी मी दारात स्टूल टाकून बसते. आम्ही दोघं एकमेकांशी त्याबद्दल एक अक्षर बोललेलो नाही, त्यांच्या नाकाबद्दल नाही आणि माझ्या केळीबद्दलही नाही.

एक गंमत मात्र सांगते. खोलीतली चहाच्या डब्यांची फळी परवा निखळली. लाय मालकांचा माणूस हातोडी आणि खिळे घेऊन आला, तर मामंजींनी त्याच्या हातातली हातोडी काढून घेतली आणि विहिरीपलीकडे नेऊन ठेवली. फळी सुतळीने बांधलीय त्यांनी, वाकडी. कुणी विचारलं की म्हणतात, मला अशीच आवडते.

ह्या वाकड्या फळीखाली बसून हे लिहितेय. तिच्यासारखाच तुमचा लोभही घट्ट राहू दे.

तुझी
हाय-थांग


तुंगकांग, २८ एप्रिल

चि. सौ. हाय-थांग हिस अनेक आशीर्वाद.

ती सुतळीची फळी वाचून मी मासळीच्या पाटावरच बसून रडले. शेजारच्या बाईला वाटलं, तुझ्या बाबांच्या बोटीचं काही झालं. तिला काय सांगणार, म्हटलं, कांदा लागला. मासळीबाजारात कांदा!

व्याह्यांना मी माफ केलं. पूर्ण नाही, पण बरंचसं केलं. आणि नाकाबद्दल कुणाला बोलू नकोस, पण मला सांगायला हरकत नाही: कुठल्या बाजारात तयार झालंय म्हणे तुझं नाक? तीन महिने झाल्याशिवाय मी हे मोठ्याने बोलणार नाही. मग मात्र पार जेटीपर्यंत ओरडत जाईन, तुझ्या बाबांनाही ऐकू जाईल.

थोडी माकुळं पाठवतेय. तुला नको असली तर सासूबाईंना दे, बिचाऱ्या उभ्यानेच खातात.

तुझ्या वाट्याचे आशीर्वाद आता मी दुप्पट धाडते, वाटून घे.

तुझी
आई


लूगू, २२ मे

सौ. विहीणबाईंना,
स. न. वि. वि.

मला पत्र लिहायची सवय नाही. सून लिहून देते म्हणाली, पण काही गोष्टी तिच्याकडून लिहवून घेण्यासारख्या नाहीत.

आपली हाय-थांग आई होणार आहे. दिवस पुरेसे झाले म्हणून आता कळवतो. तुम्हाला ठाऊक असेलच. इथेही सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे गप्प होते. आमच्या वेन-चायलाही काल पलटणीत कळवलं.

सोबत चहा धाडतो आहे. वसंतातल्या चहाच्या स्पर्धेत आमच्या डब्याला तीन फुलांचं लेबल मिळालं, ते वर्गांच्या खालचं. गेल्या वर्षी पहिला वर्ग होता, म्हणजे खाली आलो. पण परीक्षकांनी मला बोलावून विचारलं की घोट गेल्यावर मागून पिकला पेरू येतो, तो तुमच्या चहात आधी नव्हता, कुठून आणलात. मी सांगितलं, तुंगकांगच्या मासळीबाजारातून. त्यांना थट्टा वाटली. मी थट्टा करत नाही हे तुम्हाला माहीत आहे, लग्नात तुम्हाला बोललो तेही थट्टेत नव्हतं. ते चुकीचं होतं.

थंडीतल्या तापानंतर मला वास येईनासा झाला. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, तुम्हाला सांगतो आहे. चाळीस-पन्नास वसंत मी नाकावर काढले. ते गेल्यावर पेल्यात नुसतं ऊन पाणी उरलं. पानं लाय मालकांना द्यायला निघालो तेव्हा मनात होतं की खोलीला कुलूप लावावं. तुमच्या मुलीने ते लावू दिलं नाही, आणि मला एकदाही कमीपणा आणला नाही. पुढच्या वसंतातही तिचं स्टूल दारात राहील, मळमळ असो वा नसो.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते. परवा सकाळी मी खोलीत डबे पुसत होतो. एकदम काहीतरी आलं. खारट, जळकं, दर्यासारखं. मला कळेचना कुठून. उठून दारात आलो, तर अंगणात आमची सौ. आणि सून शेगडीवर तुमची माकुळं भाजत होत्या. इतक्या महिन्यांत मला आलेला तो पहिला वास. चहाचा नव्हता, फुलाचा नव्हता, तुमच्या माकुळांचा होता. मी दारात उभा राहून रडलो. सौ.ला वाटलं मी ओरडायला आलो आहे, तिने माकूळ पाठीमागे लपवलं. मी एक मागून घेतलं आणि बसून खाल्लं.

चहाचा वास अजून नीट येत नाही. येईल.

पुडकं लवकर पाठवावं. आता घरात ठेवू. चहाची खोली सोडून.

आमच्यावरचा राग आटला असेल तर त्या जागी थोडा लोभ धरावा, ही विनंती.

आपला
सू थ्येन-फा