पुड्यावरची मुलगी

मैसूर

चि. तुंगे,

आपल्या उदबत्तीच्या पुड्यावर अजून तूच आहेस, दोन वेण्या घातलेली. मंड्या गावात कुणीतरी तस्साच पुडा विकायला लागलं, म्हणून उदबत्तीचं नाव आणि चित्र नोंदवून घ्यायला मी अप्पांना शेषाद्री वकिलांकडे नेलं.

वकिलांनी विचारलं, "ही मुलगी खरी आहे? मग तिची लेखी संमती लागेल."

तू अप्पांच्या मनाविरुद्ध लग्न करून गेल्यापासून घरात तुझं नाव निघत नाही. अप्पा म्हणाले, "ती नाही आता."

"वारली? मग वडील म्हणून तुम्हीच सही करा. काम सोपं झालं."

अप्पांनी पेन उघडलं, कागद वाचला आणि पेन खाली ठेवलं.

"वारली नाही हो. शिमोग्याला असते."

तुझा ठावठिकाणा त्यांना ठाऊक आहे, हे मलाही माहीत नव्हतं.

"मग आणा की तिची सही!"

"इतक्या वर्षांनी सहीसाठी तिच्या दारात जाऊ? चित्र राहू दे. नुसतं नाव नोंदवा."

अर्ज गेला. आता तुझ्याकडे मागण्यासारखं काही उरलं नाही. आज जेवताना त्यांनी विचारलं, "शिमोग्याची गाडी कितीला असते गं?" मी वेळ सांगितली. "फार लांब आहे," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

तुमच्या दोघांच्या मध्ये उभी राहून मी दमलेय, तुंगे. हे पत्र पोचलं, तर तुला वाटेल सहीचं निघालं म्हणूनच आठवण झाली. म्हणून टपालात टाकत नाही. उद्या त्यांना मीच विचारीन, "निघायचं का?"

तुझी अक्का,
नागरत्ना