वाटेवरची काटी

२४ डिसेंबर २००३, हातवीज
पोचलो! जुन्नर स्टँडवरून सकाळची एसटी, पुढं सगळं पायी. उद्या आहुपे, परवा भीमाशंकर. वाट पाठ करायचीय. २ जानेवारीला पुण्याची बारा माणसं याच वाटेनं माझ्याबरोबर येणार — माझा पहिला ग्रुप! आबांना सांगून टाकलंय, हा जमला नाही तर मुकाट्यानं अवसरीला येऊन कांदे काढीन. पण जमणारच.

सोबत मोईज. कॉलेजपासूनचा दोस्त, जुन्नरला टेलरिंगचं दुकान. डोंगरातही सुईदोरा खिशात! सॅकचा पट्टा तुटला तर वाटेतच निळ्या दोऱ्यानं शिवून दिला. चालतो मात्र गोगलगायीसारखा.

२५ डिसेंबर, दुपार
वाट कुणाला विचारायची नाही, असं मी ठरवलंय. विचारत बसलो तर लीडर कसला?

फाट्यावर खालच्या वाटेत करवंदीची काटी आडवी टाकलेली. आमच्या अवसरीतही हेच — भावकीत बिनसलं की टाक काटी, अडव वाट! इथंही भांडणं! उचलून दिली भिरकावून. मोईज म्हणाला, "कुणी लावली आसंल तर कामाचीच आसंल, राव." म्हटलं, चल रे! तरी तो मागंच रेंगाळला. चांगली दहा मिनिटं वाट बघितली त्याची.

२५ डिसेंबर, संध्याकाळ, आहुपे
पुढं वाटच नव्हती! दरड कोसळलेली, खाली सरळ कोकण. कारवीची खोडं धरून, पोटावर सरकत पार झालो.

मुक्काम सारजाबाईंकडं. भाकरी वाढताना म्हणाल्या, "वरल्या वाटंनं आलात न्हवं?" मी म्हटलं, खालच्या. त्यांचा हात थांबला. "काटी दिसली न्हाई? दरड पडल्यापास्नं आमीच लावलीया. उद्या सकाळी माझी लेक येतीया हातवीजवरनं, कडंवर पोर घिऊन. तिला दरडीचं ठावं न्हाई. पर काटी बघून वळंल ती."

ती काटी मीच काढली, हे सांगायची हिंमत झाली नाही. मोईजही गप्प.

२६ डिसेंबर, उजाडताना
मोईज झोपलाय. त्याला न उठवता वरच्या वाटेनं निघतोय. ती माउली फाट्यावर यायच्या आत पोचायला हवं.

२६ डिसेंबर, संध्याकाळ
पळतच गेलो. काटी जागेवर! दोन दगडांनी दाबलेली, शेजारच्या झुडपाला बांधलेली — निळ्या दोऱ्यानं.

थोड्या वेळानं सारजाबाईंची लेक आली, काटी बघून वरच्या वाटेला वळली. बाळ खांद्यावर झोपलेलं. मी तिथंच बसून रडलो.

परतल्यावर मोईजला विचारलं, काल बोलला का नाहीस? "बाईंसमोर तुजी लाज कशाला काढू? सकाळी सांगणार व्हतो, तर तू गायब!" आणि माझ्यामागं त्या वाटेनं आलास कशाला? "तू ऐकणार व्हतास का? मग एकट्याला सोडू?"

२ जानेवारी २००४
बारा जण आले. पुढं मोईज चालला. मी सगळ्यांच्या मागं, खिशात निळा दोरा.