मधूची बदनामी

गुरुवार, १८ जानेवारी १९४५. सातारा

उद्या सांगली. मी आणि सौ., दोघंच. मुलं आक्काकडे. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, तिला चार काय चौदा मुलं सांभाळायला द्यावीत. दुपारीच आळीभर बातमी. समोरचे बापूराव मुद्दाम विचारून गेले, "काय नाना, दोघंच? कोणी आजारी आहे का?" नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. नवराबायको पोरांवाचून परगावी जातात ती दवाखान्यासाठी नाहीतर कोर्टासाठी. तिसरं कारण त्यांना सुचेना.

मलाही सांगवेना. अण्णांनी बोलावलंय. माझे थोरले चुलतभाऊ. सांगलीत वकिली, घर, बाग, मोटार. मूल नाही. "मुलांना ठेवून दोन दिवस या. इंदूला विश्रांती. नाटक बघा, नदीवर फिरा." या विश्रांतीचा अर्थ आम्हा दोघांनाही ठाऊक आहे. त्यांना आमचा मधू दत्तक हवा. वैशाखात त्याची मुंज, ती त्यांच्या घरात लागावी, म्हणून घाई.

नाही म्हणायला तोंड नाही. पावसाळ्यात मधूला विषमज्वर झाला तेव्हा अण्णांनी पेट्रोलची होती नव्हती ती कुपनं जाळून मिरजेचा डॉक्टर इथे आणला. वहिनी मुक्काम ठोकून उशाशी बसल्या. सौ. रडत होती, मी येरझारा घालत होतो. काम वहिनींनी केलं. मुलगा वाचला. वाचवलेला मागताहेत.

सौ.चं मत? माहीत नाही. लग्नाला सोळा वर्षं झाली. आई होती तोवर तिच्यादेखत बायकोशी बोलायची रीत नव्हती. सगळं मुलांमार्फत. "बाबांना म्हणावं, पानं घेतलीत." "आईला सांग, आलो." आई गेली, सवय राहिली. कुसुम आता लाजते, दिगू टाळतो, धाकटी शरी अर्धा निरोप विसरते. म्हणून टपालखातं मधूकडे. तो वाटेत निरोप गोड करतो. मी म्हणावं, "भाजी खारट झालीय म्हणावं", तर हा आत जाऊन सांगतो, "बाबा आणखी मागतायत."

आता या टपालवाल्यालाच देऊन टाकायचं का, हे बायकोला विचारायचं कोणामार्फत?

शुक्रवार, १९. सांगली

पेट्रोल लढाईवर गेलंय, म्हणून मोटारसर्व्हिस कोळशाच्या धुरावर चालते. मागे शेगडी बांधलेली, क्लीनर पंख्याने वारा घालतो. कराडच्या अलीकडे चढ लागला आणि मोटार उसासा टाकून उभी राहिली. ड्रायव्हर म्हणाला, "उतरा गड्यांनू. ढकलाया लागतंय." मग माझ्याकडे बघून, "तुमी बसा मास्तर. तुमचा काय उपेग न्हाई." साप्ताहिकात आठवड्याला एकाची टोपी उडवतो मी. आज माझी उडाली. उतरलो, ढकललं, धोतर काळं केलं.

सौ.च्या शेजारी एक म्हातारी, मांडीवर कोंबडी.

"लेकरं न्हाईत व्हय, बाई?"

"चार आहेत."

"मंग कुटं ठिवली?"

"नणंदेकडं."

"अन् तुमी दोगंच? घरात भांडून आलाय जनू."

सौ. हसली. म्हातारी मला म्हणाली, "आवं, हसतीया की! लय दिसानं हसली वाटतं." कोंबडीसुद्धा माझ्याकडे बघत होती.

संध्याकाळी पोचलो. वहिनींनी गरम पाणी, गरम जेवण, माडीवरची खोली, गाद्यांवर परीटघडीच्या चादरी. माझ्या दंडाला काळं दिसलं तर स्वतः रॉकेलचा बोळा आणून दिला. इतकी खातिरदारी बोकडाचीच होते. हे लिहिलं आणि लाज वाटली. वहिनी कपटी असत्या तर किती सोपं होतं.

माडीवर आम्ही दोघंच. ती एका खिडकीशी, मी दुसऱ्या. मला तहान लागली होती. "पाणी" एवढंच म्हणालो, भिंतीला. तिने तांब्या भरला आणि सवयीने दाराकडे बघून म्हणाली, "दे रे, बाबांना..." दारात कोणी नव्हतं. तांब्या जमिनीवर ठेवला. मी उचलला.



शनिवार, २०

सकाळी गणपती, मग नदी. घाटावर बसलो. वहिनींनी बरोबर भडंग दिला होता. कृष्णा संथ. तिला विचारायचं वाक्य मी मनात चार तऱ्हांनी लिहिलं, चारही खोडली. मामलेदाराबद्दल असतं तर एका दमात लिहिलं असतं. भडंग संपला. ती उठली. मी उठलो.

दुपारी जेवताना मात्र...

नीट लिहितो. मी आणि अण्णा पाटावर. सौ. वाढायला, वहिनी आग्रहाला. वहिनींनी सहज विचारलं, "इंदू, मधूला दुधी चालतो का गं?" सौ. म्हणाली, "अन्नाला फार नावं ठेवतो. ताट भिरकावतो."

मी मान वर केली. मधू? वाढलेलं निमूट खातो, आक्काच्या हातचंही.

"होईल हळूहळू," वहिनी म्हणाल्या. "झोप कशी आहे आता?"

"झोपेत दात खातो. आणि..." आवाज खाली आणून, "गादी ओली करतो अजून."

खोटं. साफ खोटं. सौ. मठ्ठा वाढत पुढे आली, तो माझ्या भातावर न पडता पाटावर. तिने माझ्याकडे बघितलं. सोळा वर्षांत तिने मला काही मागितलं असेल तर ते त्या एका नजरेत.

कळलं. तिला द्यायचा नाही.

देवा, मलाही नाही.

मग मी लेखणी परजली. म्हणालो, "अण्णा, तुमच्यापासून काय लपवायचं? पोरगं खोटं बोलतं. मास्तरांच्या खुर्चीला खाजकुयली लावली." (लावली होती मी, १९१२ साली.) सौ. लगेच, "शिव्या देतो." मी, "गूळ चोरतो." सौ., "आक्कांना चावला." पोळी संपेपर्यंत आम्ही आमच्या मुलाचा पार दरोडेखोर केला. अण्णा मान हलवत ऐकत होते. वहिनींच्या डोळ्यांत पाणी. मला वाटलं, काम झालं.

रात्री नाटकाचे दोन पास. दोघं शेजारी बसू म्हणून अण्णांनी हौसेने काढलेले. थिएटरात गेलो तर बायकांची बाजू वेगळी, मध्ये लाकडी कठडा. ती पलीकडे, मी अलीकडे, स्टेजवर नायक-नायिका मात्र खुशाल एकत्र. परत टांग्यात. टांगेवाल्याची पाठ आमच्याकडे. तिने पदर सारखा केला आणि माझ्याशी, थेट माझ्याशी, बोलली.

"उद्या काय सांगायचं?"

"काय?"

"मधूबद्दल. आणखी काही राहिलं का?"

"फिट येते म्हणू?"

"इश्श. खरं ठरायचं एखाद वेळी." मग, "खाजकुयलीचं छान होतं."

आयुष्यात माझ्या लिखाणाची इतकी स्तुती कोणी केलेली नाही.

रविवार, २१

सगळं उलटं झालं.

सकाळी चहाला बोलावलं तर दिवाणखान्यात भटजी, पुढ्यात पंचांग. वहिनींनी सौ.ला जवळ घेतलं. "इंदू, एवढं होतं गं तुला त्याचं? कधी बोलली नाहीस. मी रात्रभर जागी आहे. आजारानं चिडका झालाय तो, दुसरं काही नाही. आता माझ्यावर सोड."

मी घाईने म्हणालो, "तसं नाही वहिनी, पोरगं तसं..."

अण्णा हसले. माझ्या पाठीवर हात ठेवला. "पुरे, नाना. देणाऱ्यानं असंच बोलायचं असतं. मी काय पाहिलं नाही? कुसुमला दाखवशील तेव्हाही म्हणशील, काही येत नाही हो आमच्या मुलीला. काल तू पहिलं वाक्य बोललास तेव्हाच हिला म्हटलं, नानानं शब्द दिला."

म्हणजे आम्ही दोघांनी मिळून, एकमतानं, सोळा वर्षांत पहिल्यांदा, आमचा मुलगा देऊन टाकला.

भटजींनी फाल्गुनातला दिवस काढला. मी विचारलं, "इंदूला एकदा..." अण्णांमधला वकील म्हणाला, "आईची संमती कायद्याला लागत नाही. देणारा बाप. असली तर उत्तमच." सौ. तिथेच उभी होती. वहिनी म्हणाल्या, "असं काय बोलायचं तिच्यासमोर?" आणि रेशनची जपून ठेवलेली साखर तिच्या हातावर ठेवली. भटजी, अण्णा, वहिनी, सगळ्यांनी तोंडात टाकली. मीही टाकली. काय करणार होतो? सौ.ने मूठ मिटली.

तेव्हा एकच शब्द लागत होता. मी ज्यांच्यावर लेखणी चालवली त्यांत दोन कलेक्टर, एक बिशप, एक सावकार. वहिनींसमोर "नाही" म्हणता आलं नाही.

परतीच्या मोटारीत गर्दी. इस्लामपूरला जागा मिळाली. सौ.ची मूठ अजून मिटलेली. खिडकीबाहेर हात काढून उघडली, झटकली, ओल्या रुमालाने चिकट बोटं पुसली. मग:

"तुम्ही नाही म्हणायचं होतं."

"तू म्हणायचं होतंस."

"माझी संमती लागत नाही ना." फार शांतपणे. "आणि मला म्हणता येणार नाही हो. तो तापात बरळत होता तेव्हा त्या माझ्या आधी उठायच्या. मी एकदा झोपून गेले होते. त्यांच्या तोंडावर कशी म्हणू?"

"मग मी कसा म्हणू?"

मागून एक जण म्हणाला, "आवं, भांडान घरात जाऊन करा की. हितं पोरं झोपल्याती." त्याची पोरं त्याच्या मांडीवर झोपली होती, एकावर एक.

सोमवार, २२. सातारा

मुलं धावत आली. शरीला बाहुली, दिगूला भोवरा, कुसुमला रिबन. मधूला वहिनींनी दिलेला मखमली टोप, जरीचा. बरोबर मापाचा. त्याने तो घातला, आरशात पाहिलं. ताटाला नावं ठेवणारा, दात खाणारा, चावणारा आमचा दरोडेखोर.

सौ. म्हणाली, मला, सरळ: "तुम्ही सांगलीला जा. एकटे. सांगून या."

म्हटलं, गुरुवारी अंक छापून झाला की जातो.

गुरुवार, २५

अंक छापून झाला. गेलो नाही. कोळसा ओला होता, मोटार सुटली नाही, असं सौ.ला सांगितलं. मोटार सुटली होती.

शुक्रवार, २६

मधू माझ्याजवळ येऊन बसला. "बाबा, काकू मला नेणार आहे?"

"कोण म्हणालं?"

"काकूच. मी आजारी होतो ना तेव्हा. थंडी संपली की नेईन म्हणाली. तिथं झोपाळा आहे. मी जाऊ?"

सौ. दारात. मी विचारलं, "तुला जायचंय?"

"हो." मग बोटं मोजल्यासारखं करून, "तुम्ही गेलात तसं. दोन दिवस. रविवारी परत यायचं ना?"

सौ. आत गेली. चुलीवर काही नव्हतं, तरी फुंकणीचा आवाज येत राहिला.

रविवार, २८

उद्या जाणारच असं ठरवलं होतं. खरंच. पिशवी भरली होती.

सकाळी अंगणात मोटारीचा हॉर्न. अण्णा आणि वहिनी. आगाऊ निरोप नाही. वहिनी हसतमुख, हातात दुधाच्या पेढ्यांचा डबा. "मुहूर्ताला अवकाश आहे भाऊजी, पण तोवर दोन दिवस घेऊन जाते. थोडा रुळू दे. बुधवारी आणून सोडतो." अण्णा म्हणाले, "बुधवारी नाहीतर गुरुवारी."

कोणी काही म्हणायच्या आत मधू टोप घालून मोटारीत. पुढच्या सीटवर, अण्णांच्या जागेच्या शेजारी. हॉर्न वाजवतोय. आळीतली पोरं भोवती. बापूराव ओसरीवर. आक्का म्हणते, "दोन दिवसांचंच तर आहे, जाऊ दे." दोन दिवस आणि जन्म यांतला फरक आक्काला कोणी सांगितलेलाच नाही.

सौ. उंबऱ्यात उभी. अण्णांदेखत, वहिनींदेखत मला म्हणाली, "अहो, या ना बाहेर."

टोपी शोधतो म्हणून आत आलोय आणि हे लिहितोय. टोपी डोक्यावरच आहे. अण्णांनी मोटार सुरू केली. सौ. पुन्हा हाक मारतेय आणि मी अजून लिहितोय.